नाक तेवढं उरलं

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून सदाशिवरावांना धुळीत जायची बंदी होती, आणि नेमकी तेव्हाच लतिकाताईंना पलंगाखालच्या पेटीतली बुरशी सापडली. सदाशिवराव रेल्वेतून निवृत्त झाल्यावर मानक नगरचं क्वार्टर सोडून दोघं उत्तरेतल्या त्याच शहरात, तेलीबागेत राहायला आली होती. तळमजल्याच्या खोलीला ओल. एका पावसाळ्यात पेटीतल्या त्यांच्या साठ-सत्तर रेकॉर्डींची कव्हरं पांढुरकी पडून कुबट वास मारू लागली.

"ह्यांना कळायच्या आत साफ करू," लतिकाताई नात सलोनीला म्हणाल्या.

इथेच वाढलेल्या सलोनीने मोबाइलवर वाचून हिंदीत बजावलं, "आजी, पहले सूखा ब्रश. गीला कपड़ा सिर्फ चिकने वालों पर, हाँ?"

तोंडाला फडकी बांधून दोघींनी मागच्या अंगणात ठाण मांडलं. दाढीच्या जुन्या ब्रशने बुरशी झटकायची, कव्हर सावलीत वाळत ठेवायचं. दुपारी सलोनी क्लासला गेली आणि एकट्या लतिकाताईंना घाई झाली. एका साध्या पुठ्ठ्याच्या कव्हरवरचा डाग हटेना, म्हणून त्यांनी ओलं फडकं खसाखसा घासलं. डाग गेला. त्याच्याबरोबर चित्रातल्या बाईचे डोळे आणि गालही गेले. उरलं फक्त नाक.

कव्हर लपवावं असं त्यांना वाटलं खरं. पण चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना लपवालपवी कधी जमली नव्हती. काळा चष्मा लावून पडलेल्या नवऱ्यासमोर त्या कव्हर घेऊन उभ्या राहिल्या.

"अहो, माझ्या हातून घोटाळा झालाय."

सदाशिवरावांनी कव्हर जवळ नेलं, मग हातभर लांब धरलं. "अगं, ही! आपलं लग्न ठरलं त्या महिन्यात हजरतगंजच्या बाजारातून घेतली होती. गाणी अगदीच टाकाऊ."

"मग घेतली कशाला?"

"तू साताऱ्याला, मी इथे. तुझा फोटो आईने स्वतःकडे ठेवलेला. ही बाई थोडी तुझ्यासारखी दिसायची." ते ओशाळून हसले.

लतिकाताईंनी कव्हर हिसकावलं. "माझं नाक एवढं मोठं आहे?"

"तेवढंच ठेवलंस, त्याला मी काय करू?"

त्या रागवायला गेल्या आणि तोंडावरच्या फडक्यातच फसकन हसल्या. मग बाकीची कव्हरं अंगणात तशीच टाकून त्यांनी त्या कव्हरातली रेकॉर्ड पुसून लावली. गाणी खरंच टाकाऊ होती. दोघांनी दोन्ही बाजू ऐकल्या.