सागरगावातला संसार

ताराबाईचा संशय भातावरून सुरू झाला.

ताटातला भात ज्याला कधी पुरला नाही, तो भैय्यालाल संध्याकाळी घरी येऊन "पोट भरलं आहे" म्हणू लागला. लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि वीसही वर्षं त्याने तिच्या रांधण्यात मिठावरून खोड काढली होती. कधी कमी, कधी जास्त. बरोबर असं कधी नाहीच. हल्ली तीही कुरकुर बंद झाली होती. घरात जीभ गप्प झाली म्हणजे ती दुसरीकडे कुठेतरी चालत असणार, असा ताराबाईचा साधा हिशेब होता.

तो सांगायचा की सागरगावात रेतीच्या कामावर आहे. सागरगाव म्हणजे सिहोऱ्याच्या पलीकडे, धरणाचं पाणी मागे पसरलं त्या काठावर नव्याने उभं राहिलेलं रिसॉर्ट. नदीची रेती पसरून तिला बीच म्हणायचं, ट्रकातून आणलेली नारळाची झाडं बांबूचा टेकू देऊन उभी करायची, आणि समुद्र कुठे आहे हे कोणी विचारायचं नाही. नागपूरचे लोक तिकीट काढून यायचे आणि खूश होऊन जायचे. गावातलं कोणी कशाला तिकडे फिरकतं! "दिवसभर रेती साफ करतो," भैय्यालाल म्हणायचा. आणि चपलेत रेतीचा कण नाही. ताराबाईने एकदा नव्हे, अनेकदा चपला उलट्या करून झटकल्या होत्या. रेती साफ करणाऱ्याला रोज दाढी कशाला लागते? मिशीला तेल कशाला?

शेजारच्या लीलाबाईने आगीत तेल ओतलं. "आदमी घरी जेवत नसन, तं त्याले कोणीतरी वाढून राहिली आहे, तारा. पैसे देऊन हाटेलात खाणारा नाही तो."

"मले मालूम आहे," ताराबाई म्हणाली. "पण डोळ्यानं पाहिल्याबिगर मी तोंड उघडणार नाही."

बचत गटाच्या बायकांची सहल दरवर्षी कुठल्यातरी देवळाला जायची. यंदा ताराबाईने बैठकीत सागरगावाचं नाव काढलं आणि ते हट्टाने रेटलं. नवऱ्याला मात्र पत्ता लागू दिला नाही. तो सकाळी सायकलीवर टांग टाकून गेला आणि मागाहून लीलाबाईसकट बायकांची गाडी निघाली.

फाटकावर कागदी फुलांच्या माळा गळ्यात पडल्या. बायका रेतीत उतरल्या. एकीने पाणी चाखून पाहिलं आणि "खारं नाही वं" म्हणून तोंड वाकडं केलं. ताराबाईला पाण्याशी काही देणंघेणं नव्हतं. खराटा घेऊन रेती झाडणाऱ्या एकेका माणसाचं तोंड बघत ती काठभर फिरली. त्यांत आपला माणूस नाही, हे पाहून ती जागीच थांबली. नवऱ्याचं नाव ती उखाण्याखेरीज कधी तोंडातून काढत नसे; दवाखान्यातसुद्धा दुसऱ्याला सांगायला लावायची. शेवटी लीलाबाईनेच एका झाडणाऱ्याला विचारलं.

"भैय्यालाल?" तो म्हणाला. "ते इथं कुठं? ते तिकडं पारंपरिक गावात राहते, आपल्या बाईसंगं."

लीलाबाईने ताराबाईचा हात घट्ट धरला. ताराबाईला त्या हाताचाही राग आला.

नारळांच्या मागे पाचसहा घरं होती. कुडाच्या भिंती, सारवलेलं अंगण, कोपऱ्यात जातं. जिथे कोणी जन्मलं नाही की मेलं नाही, असं गाव. पाहुणे चटयांवर बसले होते. गटाच्या बाकीच्या बायका पाण्यापाशीच रमल्या होत्या; ताराबाई लीलाबाईसोबत पदर पुढे ओढून सगळ्यांच्या मागे बसली.

अंगणात धोतर-फेट्यातला भैय्यालाल उभा होता. लग्नात तरी इतका नटला होता का हा? तेवढ्यात हिरव्या लुगड्यातली एक बाई भाताचा गंज, मोठं पितळी पातेलं, घेऊन घरातून बाहेर आली. भैय्यालाल लगबगीने पुढे गेला आणि त्याने तो गंज तिच्या हातातून उतरवून घेतला. ताराबाईने आयुष्यभर धानाचे भारे डोक्यावर वाहिले. हात लावायला हा माणूस कधी असा धावला नव्हता.

बाईने वाढलं. भैय्यालालने सगळ्यांसमोर पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "अशी चव साऱ्या झाडीपट्टीत नाही! अशी बायको भेटली म्हणून तं माझा संसार गोड झाला."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ताराबाईला ती एकेक टाळी गालावर बसल्यासारखी लागली.

"आता आमच्या शालूकाकू नाव घेतील," माइक धरलेला मॅनेजर ओरडला.

शालू लाजली, किंवा लाजल्यासारखं केलं.

"काठावर नारळ, अंगणात केळ,
भैय्यालालरावांचं नाव घेते, जेवणाची वेळ."

घास दुसरीने वाढला, ते एक वेळ सोसलं असतं. पण नाव? ते तर ताराबाईने लग्नापासून जपून, सणावारी, चारचौघींत मान खाली घालून घेतलेलं. ते इथे माइकवर रोज उधळलं जात होतं.

"पाहुण्यांपैकी कोणी नाव घेणार का?" मॅनेजरने विचारलं.

ताराबाई उठली. पदर मागे गेला. भैय्यालालने पाहिलं आणि त्याचा घास हातातच राहिला. तिने माइक घेतला आणि त्याच्या डोळ्यांत बघत म्हटलं,

"नदीची रेती आणून खोटा समुद्र थाटला,
भैय्यालाल नवरा माझा, मले न इचारता वाटला."

हसून हसून पाहुण्यांची पुरेवाट झाली. हेही कार्यक्रमातलंच, असं त्यांना वाटलं. मॅनेजर तर म्हणाला, "हे रोज ठेवू!" हसले नाहीत ते भैय्यालाल, शालू आणि लीलाबाई.

पांगापांग झाल्यावर शालू धावत आली. "ताई, मी मोहाडीची. माहे मालक वरठीले कारखान्यात आहे. तेच मले सकाळी इथं सोडून देते. इथं नवरा-बायको दाखवाले जोडपंच पाहिजे होतं, पण मालकाले सुट्टी कुठली? आन् तुमी येणार नाही, असं यायनंच सांगितलं."

"मले कोणी इचारलं होतं?" ताराबाई म्हणाली. शालूने मान खाली घातली. ताराबाईचा तिच्यावरचा राग तिथेच विझला, आणि होता नव्हता तेवढा सगळा नवऱ्यावर जाऊन बसला.

दिवेलागणीला तो घरी आला तेव्हा ती चुलीपाशी होती.

"मले काहून नाही इचारलं तुमी?"

भैय्यालाल खांबाला टेकून उभा राहिला. "तिथं गोड बोला लागते. शालूसमोर तोंडपाठ बोलून टाकतो. तुह्यासमोर तेच बोलाचं म्हटलं तं लाज वाटते, तारा."

"चार लोकांत लाज वाटते. मंग लोकं नसते तेव्हा काय होते?"

तिने ताट वाढून समोर सरकवलं. पोट भरलेलं असूनही तो मुकाट्याने बसला, घास घेतला आणि तिच्याकडे बघत म्हणाला, "अशी चव साऱ्या..."

ताराबाईचा हात थांबला. "हे तिथलं आहे का इथलं?"

"तिथलं," तो ताटाकडे बघत म्हणाला.

त्याने दुसरा घास घेतला, सावकाश चावला, आणि भीत भीत म्हणाला, "मीठ कमी आहे."

ताराबाईने मिठाचा डबा त्याच्यापुढे ठेवला. मग आपलं ताट वाढून घेतलं आणि त्याच्यासमोर बसून पहिला घास खाल्ला. मीठ खरंच कमी होतं.