पाच हजार किलोमीटरचं कारण

माझा धाकटा भाऊ सेल्बी एकोणीस वर्षं देशाच्या पार पश्चिम टोकाला, व्हँकुव्हरला आहे. या एकोणीस वर्षांत तो पूर्व टोकावरच्या आमच्या सेंट जॉन्सला दोनदा आला. त्यातही एकदा कंपनीच्या कामासाठी.

यायचं म्हटलं की त्याचा भूगोल सुरू. "एफी, पाच हजार किलोमीटर आहे गं! टोरांटोला विमान बदला, अकरा तास जातात. वर घड्याळ साडेचार तास पुढे. तुमच्यापासून लंडन जवळ आहे, माहितेय?"

"मग लंडनहून येत जा," मी म्हणायचे.

हेच साहेब दर फेब्रुवारीला बर्फावरून घसरायला जपानला जायचे. साडेसात हजार किलोमीटर! तिथे भूगोल आड येत नव्हता.

बाबा मात्र त्याची बाजू घ्यायचे. "लांब आहे गं ते. त्याला काय हौस आहे का न यायची?"

या वसंतात बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. मी इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला, रजा चारच दिवसांची. एक आठवडा ये म्हणून बाबांनी सेल्बीला स्वतः फोन केला. उत्तरादाखल ईमेल आली: विमानांच्या वेळा, अंतरं, जेट लॅगवर एक परिच्छेद. शेवटी 'काळजी घ्या'.

बाबांनी ती दोनदा वाचली. पुढच्या सोमवारी मी कामावरून आले, तर टेबलावर चिठ्ठी: 'सेल्बीकडे जाऊन येतो. मासे फ्रीजमध्ये.' एकोणऐंशी वर्षांचा माणूस, हातात काठी, आणि विमानात आयुष्यात पहिल्यांदा! मी रागाने रडले.

शनिवारी त्यांना आणायला विमानतळावर गेले.

"कसा झाला प्रवास?"

"काही नाही गं. एक सिनेमा बघितला, सूप प्यायलो, डुलकी काढली. आलं की व्हँकुव्हर."

"आणि सेल्बी?"

"दार उघडून म्हणाला, सांगून यायचं ना. मग चार दिवस मीटिंगा. एका संध्याकाळी गाडीतून समुद्र दाखवला. मला! समुद्र!"

जन्मभर समुद्रात कॉड मासे पकडलेला माणूस तो.

घरी पोचतो न पोचतो तोच सेल्बीचा फोन. मी स्पीकर लावला. स्वारी खूश होती. "बघ एफी, बाबांना प्रवास छान झेपतो! आता दरवर्षी तेच येतील. मग मी कशाला यायचं?"

माझ्या ओठांवर शिवी आली होती. पण बाबांनी हात पुढे करून फोन घेतला.

"सेल्बी, ऑपरेशन मंगळवारी आहे."

"हो बाबा, लक्षात आहे. मी फोन करीन."

"नको करूस. मी झोपलेला असेन."

त्यांनी फोन ठेवला आणि मासे तळायला घे म्हणाले. मंगळवारी सेल्बीने दोनदा फोन केला. मी इस्पितळात बाबांच्या खाटेशेजारच्या खुर्चीतच होते. वाजू दिला.