शिक्क्यातला शब्द

पोलिश भाषेतला मी जन्मात एकच शब्द शिकलो, पण असा शिकलो की शारजा कोर्टातले कारकून मला पाहून उभे राहत. बरं, उभे नाही, पण मान वर करत.

दोन हजार दोन साल. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात माझं टायपिंग सेंटर होतं, कोर्टाचे नि व्हिसाचे कागद टाइप करून द्यायचं. शेजारच्या गॅरेजातला चिपळूणचा हनीफ हालिनाला घेऊन दुसऱ्यांदा आला. ती पोलंडची, दातांच्या दवाखान्यात नर्स होती. दोघं पन्नाशीची, पण शेजारी बसायलाही लाजत होती.

"प्रल्हादभाऊ, कोर्टाने कागद परत केला. निकाह अडला. हिची नोकरी संपली, शनिवारी व्हिसा संपतोय."

कागद म्हणजे हालिनाच्या घटस्फोटाचा निकाल. ती सांगत गेली होती, मी इंग्रजीत टाइप केला होता. कारकून विचारत होता, पहिल्या नवऱ्याने अपील केलं असेल तर?

"बारह साल हो गये," हालिना इथे शिकलेल्या हिंदीत म्हणाली. "वो आदमी चिट्ठी नहीं लिखता, अपील क्या करेगा?"

मी मूळ कागद उलटला. पाठीमागे एक शिक्का. त्याच्या जागी मी नुसतं 'सील' टाइप केलं होतं. आम्हा टायपिंगवाल्यांची खोडच ती. शिक्का दिसला की 'सील' मारायचं आणि यल्ला, पुढचं पान.

"यात काय लिहिलंय?"

"प्रावोमोत्स्नी."

मी 'फायनल' टाइप केलं. तिने नकारार्थी मान हलवली आणि सांगू लागली. जजने निकाल दिला तरी अपीलची मुदत बाकी होती. ते तीन आठवडे दाराची बेल वाजली की तिला वाटायचं, नोटीस आली. मुदत संपल्यावर कोर्टात गेली, तेव्हा हा शिक्का मिळाला. "उस दिन नींद आयी."

"भाऊ, तसंच लिहा ना," हनीफ म्हणाला. "आता झोप लागते असा निकाल."

"कारकुनाला झोप लागेल, हबीबी."

शेवटी लिहिलं, 'फायनल अँड बाइंडिंग, नो फर्दर अपील.' अरबी भाषांतर झालं आणि गुरुवारी निकाह लागला.

निकाहनामा हातात येताच हालिनाने तो उलटून पाठ पाहिली.

"इसमें अपील नहीं होता," हनीफ म्हणाला.

"फिर भी देखती हूँ."

परतताना अल नहदाच्या सिग्नलपर्यंत ती हनीफच्या खांद्यावर गाढ झोपली होती. सिग्नल हिरवा झाला तरी तो गाडी हलवेना, मागचे हॉर्न मारत राहिले. हे मात्र वाढवून सांगत नाही. मागच्या सीटवर मीच होतो.