दोन हलके ठोके

मित्रांनो, दारावर आपटायची जुनी पितळी कडी मी, आणि खरं सांगते, जन्माची भित्री आहे. कडीला बाहेरचं सगळं दिसतं, पण आतल्यांना काही सांगता येत नाही.

अडीचशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये मला ओतलं आणि हॅरिएटबाईंच्या दारावर बसवलं. त्यांच्याकडे संध्याकाळी पत्ते नसत, दारू नसे. चहा असे आणि पुस्तकांवरच्या गप्पा. बायकांनी वाचावं, वाद घालावा, हे अनेकांना खुपायचं. लोक त्यांची वेडीवाकडी चित्रं काढून हसत. एकदा एक गरीब पंडित, अशा बैठकीला घालायचे रेशमी मोजे आपल्या पायांत नाहीत म्हणून, दारातूनच परत निघाला. बाई म्हणाल्या, "जसे आहात तसे आत या." ते शब्द मी जपून ठेवले आहेत.

बाई गेल्या, घर विकलं गेलं. पुढे किती दुकानांत धूळ खात पडले, ते विचारूच नका. शेवटी न्यू जर्सीतल्या जुन्या बाजारात विनीताने मला उचललं. ती हॅरिएटबाईंकडे जमणाऱ्या, वाचणाऱ्या लंडनच्या त्याच बायकांवर पीएचडी करत होती. जर्सी सिटीतल्या तिच्या घराला बेल होती, तरी तिने मला चिंचेने घासून दारावर बसवलं. दर शनिवारी तिथे मराठी बायका जमू लागल्या. चहा, चिवडा, आणि जिने तिने आपण लिहिलेलं वाचायचं. मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

मग १९८७ साल आलं. कुंकू-टिकली लावलेली बाई दिसली की भारतीयांचा द्वेष करणारी काही गोरी पोरं मागे लागत, दगड मारत. बायका कपाळ पुसून येऊ लागल्या. मला फार वाईट वाटे. विनीताने नियम केला: आपल्यातलीने दोनच हलके ठोके द्यायचे. जोरात वाजलं तर उघडायचं नाही.

एका शनिवारी अंधारून आलं तरी शरयूकाकू आल्या नव्हत्या. त्या आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःची गोष्ट वाचणार होत्या. मला त्या कोपऱ्यावर दिसल्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि मागे धावत येणारी दोन पोरं. काकू पायऱ्या चढल्या आणि मला धडाधड आपटू लागल्या. हात गारठलेला होता, तोंडातून शब्द फुटत नव्हता. आत पटापट दिवे विझले.

"ओपन करू नकोस, विनीता," जमलेल्या बायकांतली संध्या कुजबुजली. "पोलिसांना कॉल कर."

अगं, या आपल्याच काकू आहेत! पण सांगणार कशी? पोरं पायऱ्यांपाशी पोचली. तेवढ्यात काकू थांबल्या. त्यांनी डोळे मिटले, हात आवरला आणि दोन हलके ठोके दिले.

दार उघडलं. विनीताने त्यांना आत ओढलं. मागून आलेला दगड माझ्यावर बसला. तो पोचा अजून आहे. पोरं पळाली.

काकूंनी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "मी जोरात वाजवलं, म्हणून घाबरलात ना गं?"

विनीताला रडू कोसळलं. काकूंनी गोष्ट वाचली. आवाज कापत होता, तरी शेवटपर्यंत वाचली.

मित्रांनो, मी अजूनही भिते. मला घासून लख्ख केलं नाहीत तरी चालेल. पण कडी जोरात वाजली, तर दिवा मालवण्याआधी पडदा सारून एकदा बाहेर बघा. घाबरलेलं माणूस कदाचित बाहेरच उभं असेल.