पायरीवरची विठाबाई

निजामाचं राज्य गेलं त्या साली विठाबाई लग्न होऊन तामलवाडीहून तालुक्याच्या गावी आली. नवरा बलभीम मोंढ्यावर, धान्याच्या बाजारात, हमाली करायचा. एका आडत्यानं म्हाताऱ्या हमालाला हाकलून दिलं, तेव्हा बलभीमनं सगळ्यांना पोती खाली ठेवायला लावली आणि म्हातारा परत कामावर येईस्तोवर कुणाला उचलू दिली नाहीत. तेव्हापासून हमालवस्ती त्याच्या शब्दावर चालू लागली.

वस्तीत पाण्याचे हाल होते. बलभीम म्हणाला, "बाया उठल्याबिगर नळ येत न्हाय. त्यांच्याशी तू बोल."

विठाबाई आधी नको म्हणाली. पण ती दारोदार फिरली, भांडणं मिटवली, सासवांची समजूत काढली. रिकाम्या घागरी घेऊन बाया नगरपालिकेच्या दारात बसल्या. परतताना नवरा पुढं आणि बायको मागं ही रीत सोडून बलभीम तिच्या बरोबरीनं चालला. "माझं बोलणं कुठं चुकलं का गं?" त्यानं विचारलं. आजवर तिला असं कुणी काही विचारलं नव्हतं. वाट सरूच नये, असं तिला वाटलं.

नळ आला. हमालांनी बलभीमला निवडणुकीला उभं केलं, आणि महाराष्ट्र झाल्यावर काही वर्षांनी तो नगराध्यक्ष झाला. गुलालानं माखून तो दारात आला तेव्हा विठाबाईचा ऊर भरून आला.

मग घराला माणसांची रीघ लागली. आत ती चहा उकळायची, ओसरीवर ठराव, टेंडर, कलेक्टरसाहेब असलं बोलणं चालायचं. एकदा जेवताना तिनं विचारलं, "आज सभेत काय झालं?"

"तुला कळायचं न्हाय त्यातलं," तो सहज बोलून गेला आणि कालवणात भाकरी कुस्करू लागला.

त्याला ते आठवलंही नसेल. तिला मात्र पुढं कितीतरी दिवस घास गोड लागला नाही.

त्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी झाडूवाल्यांच्या झोपड्यांत शिरलं. सखूबाई रस्ते झाडायची, ती मागच्या दारानं आली. "बाई, सायबास्नी सांगा की. लेकरं घिऊन कुठं जावं आमी?"

"सांगून व्हत न्हाय, सखूबाई. बसावं लागतंय," विठाबाई म्हणाली. "चला, म्या येते."

दुसऱ्या दिवशी झाडूवाल्या बाया नगरपालिकेच्या पायऱ्यांवर बसल्या, आणि त्यांच्यात पदर खोचून अध्यक्षांची बायको. शिपाई आत पळाला. बलभीम बाहेर आला. रागानं लाल झाला होता.

"घरात बोलायचं सोडून हितं?"

"घरात तुमी भेटता कुठं?"

बलभीमनं बसलेल्या बायांकडं पाहिलं, मग धोतर सावरून तिच्याशेजारी पायरीवर बसला. "सांग," म्हणाला. ती सांगत गेली, तो ऐकत गेला. मधे त्यानं विचारलं, "माळावरची जागा दिली तर?" ती म्हणाली, "लई बरं हुईल." तेवढ्या वेळापुरता तिला आपला जुना माणूस भेटला.

माळावर नगरपालिकेतल्या वसंतरावांच्या विरोधी गटाला बाजारपेठ हवी होती. बलभीमनं हट्ट धरून जागा झाडूवाल्यांना दिली. वसंतरावांनी अविश्वासाचा ठराव आणला आणि बलभीमचीच माणसं फुटली. खुर्ची गेली.

विठाबाईला वाईट वाटलं. पण मनात कुठंतरी वाटलं, आता हे आपले झाले.

तसं झालं नाही. तो ओसरीवर बसून राहायचा. जीप वाजली की मान वर करायचा. कुणी साहेब म्हणालं की डोळ्यांत क्षणभर उजेड यायचा. त्यानं तिला दोष दिला नाही. दिला असता तर निदान दोघं भांडली तरी असती. ती त्याच्या वाटेकडं डोळे लावून, आणि तो नगरपालिकेच्या.

झाडूवाल्यांनी माळावर घरं बांधली. तिथल्या नळासाठी एका संध्याकाळी बैठक होती. विठाबाईनं नेसूचं बदललं. "येता का वो? तुमी आलात तर बायांना जोर येईल."

"तू हो म्होरं," रस्त्याकडं बघत बलभीम म्हणाला.

"मागनं येताल?"

"बघू."

माळाची वाट पायाखालची होती, पण विठाबाई हळू चालली. मारुतीच्या देवळापाशी उगीच थांबली, चपलेतला नसलेला खडा काढला. मागनं पावलं वाजली, ती वळली. कुणी गडी बैल घेऊन घराकडं निघाला होता. त्याला वाट देऊन ती जराशी बाजूला झाली, आणि पुन्हा चालू लागली.