धाकटीचं स्टुलाचं विधेयक

सगळा मतदारसंघ माझ्या धाकट्या बहिणीला ताई म्हणतो. मी म्हणत नाही. मी तिच्याहून चार वर्षांनी मोठी आहे, तिचं शेंबडं नाक मी पुसलंय, आणि चारदा आमदार झाली म्हणून कोणी माझी ताई होत नाही.

आम्ही दोघी एकाच कापडदुकानात कामाला लागलो होतो. अकरा तास उभं राहायचं. गिऱ्हाईक असो नसो, बसायचं नाही, कारण बसलेली बाई आळशी दिसते असं मालकाचं म्हणणं. धाकटीने त्यावरून भांडण काढलं, मग संघटना काढली, मग निवडणूक लढवली आणि जिंकली. मी तिथेच राहिले. आता माझ्या पिंढऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी आहेत आणि संध्याकाळी पाय चपलेत मावत नाहीत.

'आमदार झाले की पहिलं काम म्हणजे प्रत्येक विक्रेतीला बसायला स्टूल. कायदाच करते,' असं ती म्हणाली होती. त्याला एकोणीस वर्षं झाली.

विधेयक तिने तीनदा आणलं, खोटं कशाला बोलू. पण सभागृहाची एक रीत आहे. मंत्र्यांनी नव्हे, साध्या आमदाराने आणलेली विधेयकं शुक्रवारी दुपारी घेतात. आमदार पोटतिडकीने बोलतो. मंत्री उठून म्हणतात, सदस्यांची भावना रास्त आहे, सरकार जरूर विचार करील, तरी विधेयक मागे घ्यावं. आमदार आभार मानून मागे घेतो आणि सगळे आपापल्या घरी जातात. धाकटीनेही तिन्ही वेळा मागे घेतलं. सरकार तिच्याच पक्षाचं, करते काय बिचारी. मी मात्र दर वेळी तिला घालूनपाडून बोलले. गर्जेल तो पडेल काय, हे तर मी तिला फोनवर हॅलोच्या जागी म्हणायचे.

या खेपेला तिनेच फोन केला. 'शुक्रवारी ये. पुढच्या वेळी तिकीट मिळेल न मिळेल, एकदा बघून तरी जा.' मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मालकाने तोंड वाकडं केलं, करू दे.

प्रेक्षकांच्या गॅलरीत बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही. जरा पुढे वाकलं तरी शिपाई डोळे वटारतो. खाली बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या, त्यातही सरकारी बाजूच्या जास्त. ताईंचं विधेयक, ताई मागे घेणार, मग थांबतंय कोण? काही घरी निघाले होते, काही कँटीनमध्ये चहा पीत बसले होते.

धाकटी छान बोलली. बोलण्यात ती कधीच कमी नव्हती. ती खाली बसताच तिच्या पक्षाचा प्रतोद, म्हणजे आपल्या आमदारांना कह्यात ठेवणारा माणूस, वाकत वाकत आला, तिच्यापुढे एक चिठ्ठी ठेवून चहाला गेला. ती चिठ्ठी मी नंतर वाचली. 'सोमवारी शपथविधी. मंत्र्यांच्या यादीत तुमचं नाव आहे. नेहमीसारखं मागे घ्या.' एकोणीस वर्षं तिने या मंत्रिपदाची वाट पाहिली होती.

मंत्र्यांनी ठरलेलं भाषण केलं. अध्यक्षांनी समोरचे कागद गोळा करत विचारलं, 'मागे घेताय ना, ताई?'

ती चिठ्ठीकडे बघत राहिली. मी मनात म्हटलं, घातलं हिने चौथ्यांदा शेपूट.

मग ती उठली. 'नाही, अध्यक्ष महोदय. मत घ्या.'

मंत्री खुर्चीत अर्धवट बसले होते ते तसेच राहिले. अध्यक्षांनी आवाजी मत घेतलं, 'नाही'चा आवाज मोठा आला, पण धाकटी काही खाली बसेना. 'डोकी मोजा,' ती म्हणाली, आणि एका सदस्याने जरी मागणी केली तरी मोजावी लागतात, असा नियमच आहे.

घंटा सुरू झाली. ती तीन मिनिटं वाजते, मग दारं बंद, आत असतील तेवढ्यांचीच मतं. विरोधी पक्षवाल्यांना तर आयतंच कोलीत मिळालं. सरकारची फजिती होणार म्हटल्यावर कोपऱ्याकोपऱ्यातून निघून ते धावत जागेवर आले. कँटीन मात्र दोन मजले खाली. वरून मला काचेचं दार दिसत होतं. प्रतोद धापा टाकत आला, मागे सात-आठ जण, एकाच्या तोंडात बिस्कीट. घंटा थांबली आणि दारावरच्या शिपायाने त्यांच्या नाकासमोर कडी घातली. तो मुळीच घाई करत नव्हता आणि उशीरही करत नव्हता. त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं मला.

विधेयकाच्या बाजूचे उभे राहिले. मी बोटांवर मोजत होते, दोनदा चुकले, देवा रे, पुन्हा पहिल्यापासून. सरकारी बाकांवरून एक बाई उठल्या, मग दुसऱ्या, मग शेवटच्या रांगेतले टकले आजोबा गुडघ्यावर हात देऊन उठले. मंत्री त्यांच्याकडे खाऊ की गिळू असं बघत होते. आजोबांनी तिकडे बघितलंच नाही.

'बाजूने एकतीस, विरोधात तीस. विधेयक संमत.'

मी उठून टाळ्या पिटल्या. शिपायाने मला दंडाला धरून बाहेर काढलं, आणि मी जाताजाता त्यालाच म्हटलं, 'ती माझी बहीण आहे.'

धाकटी बाहेर आली ती फोन कानाला लावून. ऐकलं, 'बरं' म्हणाली, फोन ठेवला. 'मंत्रिपद गेलं. पक्षातूनही काढलं. पुढचं तिकीट तर विसरच,' ती म्हणाली. आणि तोंडभर हसू होतं.

'डोकं फिरलंय का तुझं?' मी म्हटलं आणि तिला घट्ट मिठी मारली. इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते.

'ऐक ना,' ती माझ्या खांद्याशी म्हणाली, 'तुझ्या मालकाला विचार, दुकानात एखादी जागा आहे का. तिथे आता बसून काम करायला मिळणार आहे म्हणे.'

'विचारते,' मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं.