टंकलेखक काकांची दुरुस्ती

“दोन्ही गुणाकार एकच लिहिलेत. मग वजाबाकी शून्यच येणार ना?” परीक्षकांनी समोर उभ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधाच्या पानावर बोट ठोकलं. “क्वांटम क्षेत्र म्हणजे साधी संख्या, असं समजता का तुम्ही?”

शेवटच्या बाकावर बसलेल्या टंकलेखक काकांनी ते पान ओळखलं. भौतिकशास्त्र विभागात तीस वर्षं टाइप करून त्यांना एक खोड जडली होती, लिहिणाऱ्याच्या चुका गुपचूप सुधारायची. या मुलीच्या हस्तलिखितात तीच दोन अक्षरं एकदा सरळ, एकदा उलट्या क्रमाने होती. दोन त्रिक सहा नि तीन दुणे सहाच की, म्हणत काकांनी चाळीसच्या चाळीस पानांवर ती एका क्रमाने लावून टाकली. तिने पानं तपासलीही नाहीत. “तुम्ही टाइप केलंय ना काका, मग मी काय बघू?” म्हणाली होती.

आता तिने मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं. काकांच्या निवृत्तीला दोन महिने होते. उठून एक वाक्य बोलायचं, पण ते बाक धरून बसूनच राहिले.

“चूक माझी आहे, सर,” ती म्हणाली.

प्रबंध परत आला. फेरपरीक्षा सहा महिन्यांनी होती आणि तिची ठरलेली नोकरी तोवर थांबणार नव्हती.

काकांनी तिला जिन्यात गाठलं. “पोरी, ते मी केलं.”

“माहितीये. हस्तलिखित माझ्याकडेच आहे.”

“मी आत्ता जाऊन सांगतो त्यांना.”

“निकालावर सह्या झाल्या, काका.”

“पण उलटसुलट झाल्याने एवढं काय बिघडतं?”

ती पायरीवर बसली. “ती अक्षरं म्हणजे आकडे नाहीत, काका. कृती आहेत. क्षेत्र म्हणजे जागोजागी मांडून ठेवलेल्या संख्या नव्हेत. तिथे कण निर्माण करायचा, नाहीसा करायचा, अशा त्या कृती. आधी काय केलं, त्यावर पुढचं ठरतं. त्या दोन क्रमांतला फरक, हाच तर माझा सगळा प्रबंध.”

काकांना कळायचं तेवढं कळलं. ‘मी केलं’ हे तासाभरापूर्वी म्हणाले असते, तर तिची नोकरी वाचली असती. या वयात आपण शेण खाल्लं, असं त्यांना वाटलं.

त्यांनी चाळीस पानं पुन्हा टाइप केली, अक्षराअक्षराखाली बोट धरून. शेवटी तिने आभाराचं पान आणून दिलं. त्यात एक ओळ होती, ‘टंकलेखक काकांचे आभार. त्यांच्यावर विसंबूनच हे काम पुरं झालं.’

ती ओळ गाळावी, असं काकांना फार वाटलं. पण तिच्या लिखाणातलं अक्षरही बदलायचा हक्क त्यांना उरला नव्हता. त्यांनी ती जशीच्या तशी टाइप केली.